घडी आणि धाडस

हैदराबादेत गंडीपेटला आता विमानाशिवाय तरंगता येतं. उभ्या, बंदिस्त नळीत खालून वाऱ्याचा झोत सुटतो आणि माणूस त्यावर पालथा पडून राहतो. खुल्या आकाशात पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी साधारण 200 किलोमीटर होतो, म्हणून वाराही तसाच तुफानी लागतो. ही खरी उडी का, यावर स्कायडायव्हर मंडळी तावातावाने भांडू शकतात. मला विचाराल तर, अंग सावरायला शिकवणारी याहून चांगली शाळा नाही. पण विमानाच्या दारातली भीती आणि हवाई छत्री नेमकी कधी उघडायची हा निर्णय तिथे शिकता येत नाही. छत्रीची घडी काळजीपूर्वकच घालायची, याबद्दल मात्र स्कायडायव्हरांत दुमत नसतं. त्यांना बेफिकीर म्हणणाऱ्यांनी ती घडी घालताना एकदा पाहावं! पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांचंच पाहा: त्यांनी 2004 साली उत्तर ध्रुवावर आयुष्यातली पहिलीच उडी घेतली, आणि 2018 मध्ये थायलंडच्या आकाशातून चक्क नऊवारी नेसून. वाऱ्यात सुटलेला पदर छत्रीच्या दोऱ्यांत अडकू शकतो; तेव्हा ते नेसणंही छत्रीच्या घडीइतक्याच काळजीचं काम होतं.