कडक की ताठ?

ज्या गावात फाउंड्री आणि लेथवर घरे चालतात, तिथल्या पोरांना घरीच यंत्र जुळवायचा नाद असायचाच. आमच्या शेजारचा डिप्लोमा झालेला मुलगा सध्या लाकडावर अक्षरे कोरणारे यंत्र करतो आहे. दारावरच्या पाट्या करून द्यायच्या, मराठी नि कन्नड दोन्ही, असा बेत. वडिलांचे शिलाईचे दुकान. भिशीचे पैसे त्यांनी मुलाच्या हातावर ठेवले आहेत. म्हणजे खरेदी एकदाच होणार.

अशा यंत्रात कोरणारी मोटर दोन गोल पोलादी दांड्यांवरून सरकते. दांड्या लवल्या की कोरणी मधोमध खोल जाते आणि कडेला उथळ. शिरोरेषा मध्येच जाड दिसते. कोरण्याच्या जोराने दांड्या बाजूलाही लवतात, मग कन्नडची गोल वळणे अंडाकृती होतात. अशी पाटी कोण दारावर लावील?

दुकानात त्याला सल्ला मिळाला, "आठ मिलीचीच घे, पण हार्ड केलेली घे. गट्टी असते." मराठीत गट्टी म्हणजे दोस्ती, कन्नडमध्ये मजबूत, टणक, घट्ट सगळे त्या एकाच शब्दात. घोळ इथेच होतो.

"काका, हार्ड केलेली वाकणार नाही ना?"

"तेवढीच वाकेल रे."

त्याला ते पटेना. पण हा पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला जुनाच धडा आहे. ओझ्याखाली पोलाद किती लवेल हे यंगच्या गुणांकावर ठरते आणि तो साध्या, हार्ड केलेल्या, स्टेनलेस अशा सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. हार्ड केल्याने पृष्ठभागावर चरे पडत नाहीत, दांडी कायमची वाकायला जास्त जोर लागतो. ओझ्याखालचे लवणे मात्र तसेच राहते.

ताठपणा येतो जाडीतून. व्यास दुप्पट केला तर तो सोळापट होतो. उलट दोन आधारांतले अंतर दुप्पट केले तर दांडी आठपट लवते. कपडे वाळत घालायची काठी लांब झाली की मधोमध कशी झोळ खाते, ते सगळ्या घरांत ठाऊक आहे.

आम्ही वहीवर हिशेब मांडला. मोटर दोन किलोची, म्हणजे प्रत्येक दांडीवर मधोमध एक किलो. दांडीचे स्वतःचे वजन सोडून देऊ. टोके नुसती टेकवलेली धरली तर ६०० मिलिमीटर लांबीची ८ मिलीची दांडी सुमारे १.१ मिलिमीटर लवते. १६ मिलीची घेतली तर ०.०७. आणि लांबी ४०० वर आणली तर अवघी ०.०२. पाटी फूटभराहून रुंद कशाला हवी, असे मी विचारले आणि त्याने पट्कन लांबी खोडली.

जाड दांडी जड असते हे खरे. दांडीच सरकणाऱ्या भागावर बसवायची असेल तर मोटरला ते ओझे ओढावे लागते. तिथे बांबूची युक्ती चालते. १६ मिलीच्या दांडीत ८ मिलीचे आरपार भोक असेल तर वजन चौथ्या हिश्श्याने घटते आणि ताठपणा जेमतेम सहा टक्क्यांनी. फक्त पेनने चित्र काढणारे हलके यंत्र असेल तर मात्र ८ मिली पुष्कळ झाली. उगाच जाडीवर पैसे घालू नयेत.

हार्ड केलेली दांडी कधी घ्यावी? आत पोलादी गोळ्या असलेले बेअरिंग वापरायचे असेल तेव्हा घ्यावीच, नाहीतर गोळ्या मऊ पोलादावर चर पाडतात. गनमेटलचे बुश घातले, वेळच्या वेळी तेल दिले, तर साधा ब्राइट बार चालतो. गनमेटल ओतणारे आपल्याकडे आहेतच. त्याने तोच मार्ग धरला आहे.

आता राहिला सरळपणा. बार दुकानातच काचेच्या कपाटावर लोळवून बघ, मागून उजेडाची फट दिसली तर परत ठेव आणि दुसरा माग, एवढे मी त्याला बजावले आहे. पैसे त्यानंतर द्यायचे.