नाद करा, पण कागदावर

नवी टर्बो गाडी घेऊन जेमतेम पहिली सर्व्हिसिंग झालेली पोरं मला विचारतात, "मॅडम, मॅप कधी मारायचा?" मॅप मारायचा म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची. मारायचा की नाही, हे त्यांच्या लेखी केव्हाच ठरलेलं असतं. बाकी असतो तो फक्त मुहूर्त. कुणी म्हणतं पाच हजार किलोमीटर झाल्यावर, कुणी म्हणतं दहा हजार, कुणाला गॅरेजवाल्याने सांगितलेलं असतं की इंजिन 'मोकळं' झालं की लगेच. माझं उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही, म्हणून ते त्यांना आवडत नाही.

मी मोटार विम्याची सर्व्हेअर आहे, मुक्काम कोल्हापूर. ठोकलेली, बुडालेली, जळालेली गाडी बघायची आणि कशामुळे किती नुकसान झालं ते लिहायचं, हे माझं काम. डिप्लोमा मेकॅनिकलचा. वडिलांचा लेथ उद्यमनगरात होता, त्यामुळे उघडलेलं इंजिन बघितलं की मला बरंच वाटतं. वेगाचं वावडं असलेली बाई म्हणून मला कुणी मोडीत काढू नये. हे गाव मुळात असं आहे की बाजारातून आणलेल्या यंत्रात आपलं काहीतरी 'करून' घेतल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. तो नाद माझ्याही रक्तात आहे.

तर माझं उत्तर असं: कंपनीची वॉरंटी संपल्यावर, आणि इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही स्वतःच्या खिशातून बदलता येतील एवढे पैसे बाजूला काढल्यावर. त्याआधी इंजिनाला हात लावायचा नाही.

रनिंग-इनचं म्हणाल, तर त्याचा या प्रश्नाशी फारसा संबंध नाही. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर गाडी जपून चालवायची, एकाच वेगात तासन् तास न ठेवता कमी-जास्त करत, फार न ताणता, म्हणजे पिस्टन रिंगा सिलिंडरला नीट बसतात. पण रिंगा बसल्या म्हणून इंजिन जास्त दाब सोसायला तयार झालं, असं होत नाही. ज्या दाबासाठी ते घडवलंय, तो दाब पहिल्या किलोमीटरलाही तोच आणि पन्नास हजाराव्यालाही तोच.

"पण आत्या, कंपनीने इंजिन मुद्दाम दाबून ठेवलेलं असतं," हे माझ्या भाच्याचं वाक्य. त्याने फोक्सवॅगनची व्हर्टस घेतली, दीड लिटरची, डीएसजी गिअरबॉक्सवाली. चाकणला बनणारी ही गाडी मला स्वतःला फार आवडते. तिचं इंजिन दीडशे पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. भाच्याला कुणीतरी स्टेज वन सांगितलं होतं: फक्त सॉफ्टवेअर बदलायचं, एकही पार्ट नाही, टॉर्क तीनशेच्या आसपास. मी त्याला एवढंच विचारलं की तुझ्या गिअरबॉक्सची मर्यादा किती? ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीला आतल्या भाषेत डीक्यू२०० म्हणतात आणि ती २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या इंजिनासाठी आखलेली आहे. म्हणजे शोरूममधून निघाली तेव्हाच गाडी काठोकाठ भरलेली आहे. तीनशे न्यूटन-मीटर लावले तर पहिल्या दिवशी काही मोडणार नाही. क्लच आपल्या गतीने झिजेल, बिल मागाहून येईल, आणि तोवर मॅप मारणारा म्हणेल की डीएसजी अशीच असते.

कंपनी काहीतरी राखून ठेवते हे खरंच आहे. पण कशासाठी राखते ते बघा. हीच गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात पाच माणसं आणि एसी घेऊन चालली पाहिजे. पंपावर मिळेल ते पेट्रोल पिऊन चालली पाहिजे. मालकाने ऑइल बदलायला सहा महिने उशीर केला तरी चालली पाहिजे. पाहुणा येईल म्हणून घरातली बाई मूठभर तांदूळ जास्त टाकते, तसली ती शिल्लक आहे. रीमॅप करणारा ती शिल्लकच तुम्हाला विकतो. त्याच्या लॅपटॉपमधून नवी ताकद येत नाही. बूस्ट वाढतो, म्हणजे टर्बोचं चाक आणखी जोरात फिरतं. लहान टर्बोची ही चाकं मुळातच मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरत असतात, तीही तापून लाल होण्याइतक्या उष्ण धुराच्या झोतात. इंटरकूलर तोच, रेडिएटर तोच, हवा आपली.

पेट्रोलचंही तेच. युरोपात लिहिलेले बरेच मॅप ९८ ऑक्टेन धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात मुंबई-पुण्यासह दहा शहरांत आणलं, तेव्हाच त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. पैसे असतील तर जरूर भरा. पण गगनबावड्याला टाकी रिकामी झाली की समोर जो पंप दिसेल तिथलंच पेट्रोल घालणार ना? ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) ओळखून इग्निशन मागे घेतो आणि इंजिन वाचवतो, पण मॅपमध्ये ते मागे घेणंच कमी करून ठेवलं असेल तर? फाइल कोणी लिहिली, काय बदललं, हे गॅरेजवाल्यालाही अनेकदा माहीत नसतं. त्याला ती ईमेलने आलेली असते.

ताकद वाढवायचीच तर कशी वाढवतात, याचं उदाहरण पुण्याजवळच घडलेलं आहे. रांजणगावला फियाटचा कारखाना आहे. फियाटचं १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन लिनिया गाडीत ११४ पीएस देत असे. २०१५ मध्ये त्याच घराण्यातलं इंजिन घेऊन कंपनीने अबार्थ पुंटो काढली, १४५ अश्वशक्तीची. दहा लाखांच्या आसपासची ती गाडी फार विकली गेली नाही, पण ज्यांनी चालवली ते अजून तिचं नाव काढतात. मला त्यातली आवडते ती इंजिनापलीकडची गोष्ट: चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, गाडी खाली बसवली, सस्पेन्शन ताठ केलं. ज्या कंपनीकडे आपल्या इंजिनाचे सगळे आकडे होते, तिनेही ताकद वाढवताना आधी थांबायची सोय केली. आमच्याकडे येणाऱ्या पोराचा क्रम नेमका उलटा असतो: आधी मॅप, मग फिल्टर, मग सायलेन्सर, आणि टायर कंपनीचेच गुळगुळीत. मोकळा फिल्टर बसवला की टर्बोचा फुस्स आवाज केबिनमध्ये ऐकू येतो आणि माणसाला खात्री पटते की गाडी जास्त पळते.

आता माझ्या टेबलावरची बाजू. बहुतेकांना वाटतं, फुल इन्शुरन्स आहे, इंजिन गेलं तर बघू. नाही. अपघातापासून संरक्षण देणारी आपली मोटार पॉलिसी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन भरून देतच नाही, झीजही नाही. गाडी अगदी कंपनीच्या अवस्थेत असली तरी नाही. इंजिन प्रोटेक्ट म्हणून जे जास्तीचं कव्हर विकतात, ते प्रामुख्याने पाणी शिरल्याने किंवा ऑइल गळाल्याने झालेल्या नुकसानीसाठी असतं. म्हणजे मॅपमुळे पिस्टन गेला तर कंपनी म्हणणार बदल केलेत, विमा म्हणणार हा अपघात नाही. मधे उरता तुम्ही.

आणि मग माणूस अपघात तयार करतो.

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली मी एक टर्बो पेट्रोल गाडी बघितली. दावा असा, की रस्त्यात दगड लागला, ऑइल चेंबर फुटला, ऑइल वाहून गेलं आणि इंजिन जाम झालं. चेंबरला पोचा होता, भेग होती, सगळं साग्रसंगीत. इंजिन उघडायला लावलं. ऑइल संपून इंजिन बसलं तर आधी बेअरिंगं खरवडतात, क्रँकवर रेघोट्या पडतात. इथे बेअरिंगं स्वच्छ, क्रँक स्वच्छ. एकाच पिस्टनची रिंगांमधली कडा तुटलेली, बाकीचे पिस्टन धड. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त लोड पडला की इंधन स्पार्कच्या आधीच पेट घेतं आणि नेमकी हीच कडा तोडतं. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी तशीच रेटली आणि वरून बूस्ट वाढवलेला असला, की ते ओढवून घेतल्यासारखंच. मग बॉनेटखाली नीट बघितलं. बूस्ट सेन्सरच्या वायरवर काळ्या टेपचा चिकट डाग होता, टेप नव्हती. तिथे ट्यूनिंग बॉक्स होता. हा डबा सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसतो आणि ईसीयूला दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो, म्हणून ईसीयू दाब वाढवत राहतो. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी काढायचा, नंतर लावायचा, असं गिऱ्हाइकाला शिकवूनच विकतात.

मी दिसलं ते लिहिलं. दावा नामंजूर झाला. मालक पंचविशीतला, पहिल्या नोकरीच्या कर्जावर घेतलेली गाडी. तो ओरडला नाही, हप्ते किती राहिलेत तेवढं सांगत राहिला. मला त्या पोराचा राग आला नाही. त्याला डबा काढून ठेवायला शिकवणाऱ्याचा आला.

सॉफ्टवेअरचा मॅप तर डब्यासारखा काढूनही लपत नाही. ईसीयूत नवी फाइल किती वेळा लिहिली गेली याची नोंद अनेक गाड्यांत राहते. फोक्सवॅगन समूहात अमेरिकेत अशा गाडीच्या नावापुढे टीडी१ असा शेरा पडतो, आणि तो पडला की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा विषय मिटतो. जुनी फाइल परत टाकून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की हे लिहून देतोस का?

इथवर मी पोरांना बोलले. सरकारलाही थोडं सुनावते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात सांगितलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकणाऱ्यांसाठी आणि मध्यरात्री गल्लीत फटाके वाजवणाऱ्या सायलेन्सरांसाठी हे मला पूर्ण मान्य आहे. पण चांगल्या इंटरकूलरला किंवा मोठ्या ब्रेकलाही तोच न्याय लावला, की नाद करणारा सरळ माणूसही चोरासारखा वागायला लागतो. पार्ट खुलेआम विकले जातात, मॅप खुलेआम मारले जातात, लपवतो फक्त मालक.

जर्मनीत बदललेल्या पार्टला प्रमाणपत्र असतं, टीयूव्हीसारखी संस्था गाडी तपासते आणि तो बदल गाडीच्या कागदांवर चढतो. पोलिसाने थांबवलं तर कागद दाखवायचा, विमा कंपनीला तोच कागद द्यायचा. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय १९६६ पासून उभी आहे. गाड्या विक्रीला यायच्या आधी तिथे तपासल्या जातात. पार्ट तपासायचं ज्ञान नाही असं कुणी म्हणू नये. पार्ट बनवणाऱ्याने तो तिथे नेऊन पास करून घ्यावा, आरटीओने आरसीवर चढवावा, विमा कंपनीने त्याप्रमाणे प्रीमियम वाढवावा. मालकाने तो वाढीव प्रीमियम कुरकुर न करता भरावा. रोजगार म्हणूनही बघा. असे पार्ट घडवायची फाउंड्री, मशिन शॉप आणि हात आमच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात आहेत. आज ती कामं छापील बिल न करता होतात.

तोवर नव्या गाडीत काय करावं? टायर. कंपनीने दिलेल्याच मापाचे, पण चांगल्या रबराचे. ओल्या रस्त्यावर आंबोली घाट उतरताना पन्नास न्यूटन-मीटर जास्त असून काही मिळत नाही, चांगल्या टायरने मिळतं. भाच्याच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत, म्हणून पुढचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल वेळेवर. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, आणि सांगितलेल्या मुदतीच्या थोडं आधी. चढावर गिअर खाली घ्यायची सवय. आणि त्याच गाडीत एक पावसाळा, एक उन्हाळा काढायचा. इतक्यात बऱ्याच जणांची मॅपची खाज आपोआप जिरते, कारण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभरची आहे आणि कॅमेरे जागे असतात.

भाच्याची जिरलेली नाही. त्याने टायर बदलले, मॅप पुढे ढकलला आणि दर महिन्याला कापली जाणारी आरडी उघडली. बँकेच्या ॲपमध्ये तिला 'गिअरबॉक्स' असं नाव दिलंय. वहिनीला वाटतं, पोरगं लग्नासाठी साठवतंय. तिला मी अजून काही बोललेले नाही.