उष्टावणानंतरचा घास

मराठी घरात बाळाला सहावा महिना लागला की उष्टावणाची लगबग सुरू होते. बाळ मामाच्या मांडीवर बसते, सोन्याच्या अंगठीने खिरीचा थेंब त्याच्या जिभेवर ठेवला जातो, आणि एक जीव अन्नाशी जोडला जातो. आश्वलायन गृह्यसूत्राने अन्नप्राशनासाठी सहावा महिनाच सांगितला आहे. सुश्रुतानेही याच महिन्यात हलके आणि हितकर अन्न सुरू करावे असे म्हटले आहे. आजची जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण होताच आईच्या दुधाबरोबर वरचा आहार सुरू करण्यास सांगते. पूर्वजांच्या निरीक्षणाची ही साक्ष कोणालाही अभिमान वाटावा अशीच आहे. मात्र संस्कार एका दिवसाचा असतो, भूक रोजची असते. उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी बाळाच्या वाटीत काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर समाधानकारक नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत होता. प्रगत म्हणवणारा महाराष्ट्र या सरासरीच्याही मागे होता. राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली आणि ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. हे सारे केवळ दारिद्र्याच्या माथी मारता येणार नाही. भरल्या घरांतही हीच उणीव दिसते. तिथे धान्य असते, दूध असते, माया तर उदंड असते. नसते ती एवढीच जाण, की या वयाला काय, किती आणि किती दाट द्यावे.

बाळाचे जठर फार लहान असते. वजनाच्या दर किलोमागे साधारण तीस मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम दोनशे मिलिलिटर मावते. त्यात वरणाचे वरचे पाणी किंवा भाताची पातळ पेज भरली की पोट तट्ट होते, बाळ मान फिरवते आणि घरची मंडळी समाधान पावतात. प्रत्यक्षात त्या पाण्यात बाळ वाढावे असे फारसे काही नसते. वरणाचे सत्त्व पातेल्याच्या तळाशी राहते आणि ते मोठ्यांच्या ताटात जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, तर वर्षानंतर ५५०. आईच्या दुधातून मिळणारे लोहही या टप्प्यावर पुरेनासे होते. अशा वेळी घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, वर तुपाची धार, उकडून मऊ केलेली पालेभाजी, शेंगदाण्याचे बारीक कूट, ज्यांना चालते त्यांच्याकडे अंडे, एवढ्याने काम भागते. यातले काहीही मराठवाड्याच्या स्वयंपाकघराला परके नाही. आणि तरीही अनेक घरांत बाळाच्या हाती येते ते चहात बुडवलेले बिस्किट.

ही जाण घराघरांत पोहोचवण्याचे काम आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका करतात. या कामाशी छत्रपती संभाजीनगरचा संबंध जुना आहे. २००२ च्या सुमारास, तेव्हाच्या औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध एक मोहीम उभी राहिली. आरोग्य खाते आणि महिला-बालविकास खाते यांची सांगड घालणे, रिक्त पदे भरणे, प्रत्येक बालकाचे वजन घेऊन ते खरेखुरे नोंदवणे, अशी तिची साधी पण कठोर शिस्त होती. त्या अनुभवातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले आणि त्याचा कारभार औरंगाबादेतून सुरू झाला. पुढे मिशनने गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील ३९ टक्के बालके खुजी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण २३ टक्क्यांवर आले. या यशाचे श्रेय एकट्या मिशनचे नाही. शिक्षण, उत्पन्न आणि आरोग्यसेवा यांचाही त्यात वाटा आहे. तथापि शासन, सेविका आणि कुटुंब एका दिशेने चालले तर खुजेपणा हटतो, हे तेव्हा सिद्ध झाले. नंतरच्या सर्वेक्षणांतील आकडे पाच वर्षांखालील बालकांचे असल्याने त्यांची याच्याशी थेट तुलना करता येत नाही. पण त्या वयोगटाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते आणि पुढील सर्वेक्षणात ३५.२ टक्के झाले. पुढे पडलेले पाऊल थबकले, एवढे यातून निश्चित कळते.

ते का थबकले, याचा विचार करताना एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. आपल्या व्यवस्थेला वाटलेली पाकिटे मोजता येतात, घेतलेली वजने मोजता येतात. सेविकेने एका आईशी अर्धा तास बसून केलेले बोलणे मोजता येत नाही, म्हणून ते काम ठरतच नाही. २०१८ मध्ये घरी जाऊन बालकांची देखभाल करण्याचा कार्यक्रम आला. त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाने घरी भेट द्यावी असे ठरले. आखणी उत्तम होती. एका भेटीचा मोबदला ठरला पन्नास रुपये. २०२१ पासून अंगणवाडी सेविकेच्या हाती पोषण ट्रॅकर आला. नोंदी आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु सेविकेची नजर मोबाइलच्या पडद्यावर खिळली की समोरच्या वाटीतले पातळ वरण तिला दिसायचे राहून जाते.

दुसरी त्रुटी समाजाची आहे. सल्ला दिला जातो तो सुनेला, आणि बाळाने काय खावे हे ठरते सासूच्या शब्दावर. आजीने चार मुले वाढवलेली असतात, तिला पंचविशीतल्या आशाने शिकवावे हे रुचत नाही. अशा घरात सुनेला एकटीला गाठून केलेला उपदेश उंबऱ्यातच विरतो. ज्या सेविका आजीला मान देऊन, तिच्याच हाताने वरण घोटून घेतात, त्यांचा सल्ला टिकतो. आणि बाप? बाजारातून अंडी, फळे आणि भाजी आणणारा तोच असतो. तरी या संभाषणात त्याला कोणी बोलावत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती तर अधिक बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून बिऱ्हाडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बाळाचे सहा ते बारा महिन्यांचे वय बहुधा फडातल्या कोपीवर जाते. गावची आशा गावातच राहते आणि पहाटे कोयता घेऊन निघालेल्या आईला दिवसातून तीन वेळा ताजे मऊ अन्न शिजवणे अशक्य होते.

म्हणूनच सल्ला हे सर्व रोगांवरचे औषध आहे, असा दावा कोणी करू नये. बांगलादेशात २०१० ते २०१४ या काळात ब्रॅक संस्थेच्या आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन सल्ला दिला. त्यामुळे बालकांच्या आहारात लक्षणीय सुधारणा झाली, परंतु खुजेपणात तेवढ्याने ठळक फरक पडला नाही. स्वच्छ पाणी, आईचे आरोग्य, मुलींच्या लग्नाचे वय या बाबी त्याला जोडाव्याच लागतात. तरीही पहिली पायरी सल्ल्याचीच आहे, आणि ती सर्वांत स्वस्त आहे.

शासनाने भेटीचा मोबदला वाढवावा, नोंदींचा भार हलका करावा, ऊसतोडीच्या पट्ट्यात सल्ल्याची साखळी तुटू देऊ नये, ही मागणी रास्तच आहे. पण सारे शासनावर सोपवून समाजाला हात झटकता येणार नाहीत. छत्रपती संभाजीनगरात १९८९ मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे राहिले, सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळाचे काम सेवावस्त्यांत रुजले, ते समाजाच्याच बळावर. सेवावस्तीत नियमित जाणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या संपर्कातील घरांत सहा महिन्यांचे बाळ कोठे आहे हे जाणून घ्यावे, तिथल्या आशाताईंना मान द्यावा, त्यांच्या भेटीच्या वेळी आजी आणि वडील घरी असतील एवढे पाहावे. सुस्थितीतील कुटुंबांनीही घरकाम करणाऱ्या मावशींची नात काय खाते, हे एकदा आपुलकीने विचारावे.

मामाने खिरीचा थेंब ठेवला की विधी संपतो. त्यानंतर दीड वर्षे रोज दोन ते चार वेळा, चमचा चमचा, धीराने भरवायचे असते. संस्कार म्हणायचे ते याही कष्टांना.