दिवाळीपुरती नोकरी: आष्टीतून शोरूमच्या काउंटरवर जाणाऱ्या तरुणांच्या हातात शेवटी काय उरतं?

दसरा जवळ आला की नागपूर आणि अमरावतीच्या कपड्यांच्या, मोबाईलच्या, किराणा मॉलच्या दुकानांबाहेर 'स्टाफ पाहिजे' अशा पाट्या लागतात. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या तालुक्यांमधली बारावी किंवा पदवी झालेली मुलं-मुली या पाट्यांकडे नोकरी म्हणून बघतात. दुकानदार मात्र त्याकडे 'सीझन' म्हणून बघतो. खरी अडचण इथूनच सुरू होते.

ही नोकरी तीन महिन्यांची असते, सहा महिन्यांची असते, फार तर अकरा महिन्यांची. मग 'ब्रेक' मिळतो. गरज पडली तर पुन्हा बोलावणं येतं, पण तेव्हा सगळं पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

गावाकडचा हंगाम आणि शोरूमचा हंगाम एकच

आष्टीच्या बाजूला कापूस, सोयाबीन आणि संत्रा ही मुख्य पिकं. सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी दसरा-दिवाळीच्या आसपास येते. म्हणजे गावात कामाला माणूस लागतो, नेमकं तेव्हाच शहरातलं दुकानही माणूस मागतं.

शहरात गेलेली व्यक्ती घरच्या हंगामाला मुकते. दिवाळी, लग्नसराई संपली की दुकानातलं काम कमी होतं. उन्हाळ्यात कोरडवाहू शेतीतही फारसं काम नसतं. वर्षातून दोन ठिकाणी कमावण्याची सोय होईल असं वाटलेलं असतं, पण दोन्हीकडचे रिकामे महिने एकत्र येतात.

अकरा महिन्यांचाच करार का?

अकरा महिन्यांचा करार आणि मध्ये खंड ही पद्धत महाराष्ट्राला नवीन नाही. सरकारी कंत्राटी भरतीतही ती वर्षानुवर्षं चालत आली आहे. कारण साधं आहे. कामगार कायद्यातले बरेच हक्क 'सलग सेवा' मोजून मिळतात. सेवा सलग राहिली नाही, तर हक्कही तयार होत नाही.

ग्रॅच्युइटीचंच बघा. १९७२ च्या कायद्यानुसार ती मिळायला साधारण पाच वर्षांची सलग सेवा लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला आता एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळेल, असं केंद्र सरकारने सांगितलं आहे.

समजा, आष्टी तालुक्यातली एक मुलगी अमरावतीच्या शोरूममध्ये काउंटरवर आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून तिला महिन्याला १२,००० रुपये मिळतात. वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन आणि महिन्याचे २६ दिवस या सूत्राने, वर्ष पूर्ण झालं तर तिची ग्रॅच्युइटी होते ६,९२३ रुपये. अकराव्या महिन्यात करार संपला तर होते शून्य. सुधारणा झाली हे खरं, पण अकरा महिन्यांचा करार तिच्या एक पाऊल अलीकडेच थांबतो.

पगारातून कापलं जातं, मग उपयोग होत नाही का?

होतो, पण प्रत्येक वेळी नाही. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ईएसआय ही विमा योजना आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १२,००० पगारावर कर्मचाऱ्याचे ९० रुपये जातात.

आजारपणाच्या रजेत रोख भत्ता हवा असेल, तर सहा महिन्यांच्या वर्गणी काळात साधारण ७८ दिवसांची वर्गणी लागते. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. आधीपासून नोंद असलेल्या कर्मचाऱ्याने सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे तीन महिने काम केलं, तर पहिल्या काळात ३० दिवस पडतात आणि दुसऱ्यात ६१. एकूण ९१ दिवस काम झालं, पण ७८ चा आकडा एकाही काळात गाठला जात नाही.

बाळंतपणाच्या हक्काचंही तसंच. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असण्याची अट होती. २०१७ पासून पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण तीन-चार महिन्यांच्या करारावर असलेल्या मुलीपुढचा प्रश्न दिवस भरण्यापुरता नसतो. गरोदर असल्याचं सांगितलं तर पुढचा करार मिळेल का, ही भीती मोठी असते. करार 'संपला' म्हटलं की कुणी 'काढलं' असं सिद्ध करणं फार अवघड जातं.

आणि आष्टीतल्याच दुकानात काम करणाऱ्यांचं काय?

त्यांची गोष्ट वेगळी आहे. जुन्या १९४८ च्या गुमास्ता कायद्याच्या जागी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना त्यातल्या बहुतेक तरतुदींतून सूट मिळाली. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या कापड, किराणा, हार्डवेअरच्या दुकानांत दोन-चारच माणसं असतात. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर आणि कामाचे रोजचे तास नऊवरून दहावर नेण्याच्या बदलांना मंजुरी दिली.

पीएफचा कायदाही साधारणपणे वीस कामगारांपासून लागू होतो. म्हणजे गावात राहिलं तर कायद्याचं छत्र आखूड, शहरात गेलं तर नोकरीची मुदत आखूड. किमान वेतन मात्र छोट्या दुकानालाही लागू आहे.

जो हिशोब पगारपत्रकात दिसत नाही

दुकानातलं काम मुख्यतः उभं राहून असतं. केरळमध्ये कापड दुकानांतल्या विक्रेत्या महिलांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय नमूद आहे. पण पुढच्या महिन्यात करार वाढवून घ्यायचा असेल, तर स्टूल मागायला तोंड उघडणार कोण?

शहरात खोलीचं भाडं आणि डबा बारा महिने चालू असतो, पगार मात्र नसतो. बँकेत कर्ज मागायला गेलं की नोकरीचा पुरावा मागतात. लग्नाच्या बोलणीत 'परमनंट आहे का?' हा प्रश्न आधी येतो. तीन वर्षं काउंटर सांभाळलेल्या मुलाकडे दाखवायला तीन वेगवेगळी ओळखपत्रं असतात, पण बढती एकही नसते.

दुकानदाराचीही बाजू आहे. सणातली गर्दी वर्षभर टिकत नाही, ऑनलाइन खरेदीने गिऱ्हाईक वाटलं गेलं आहे. दोन महिन्यांच्या गर्दीसाठी बारा महिन्यांचा पगार परवडत नाही, हे खरं. पण वर्षभर लागणारं काम अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांत देणं, ही गर्दीची गरज नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात.

सीझनच्या नोकरीला जाण्याआधी

- नेमणूक पत्र मागा. नव्या संहितेत ते देणं बंधनकारक आहे. करार दुकानाशी आहे की एजन्सीशी, हे त्यावर बघा.
- पीएफचा यूएएन क्रमांक एकच ठेवा. प्रत्येक नोकरीत नवा क्रमांक काढला तर सेवा तुटक दिसते.
- सहा महिन्यांपेक्षा कमी नोकरी झाली तरी पेन्शन खात्यातली रक्कम काढता येते. जून २०२४ मध्ये तसा बदल झाला आहे.
- पगाराची पावती, हजेरीचे फोटो, बँकेतल्या नोंदी जपून ठेवा. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करायची वेळ आली, तर हेच कागद बोलतात.
- करार अकरा महिन्यांचा असेल, तर तो बारा महिन्यांचा का नाही, हे सही करण्याआधी विचारा. उत्तर मिळेलच असं नाही. पण त्या एका महिन्याची किंमत किती, हे तरी माहीत असेल.