कॅमेऱ्यामागे कोण?

न्यूयॉर्कची इंटरनॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ टेलिव्हिजन आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. जगभरच्या उत्तम दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा ती 'आंतरराष्ट्रीय एमी' देऊन गौरव करते. २०२० साली 'दिल्ली क्राइम' सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. त्याच वर्षी 'मेड इन हेवन'साठी अर्जुन माथुर यांना अभिनयाचे नामांकन होते.

याच मालिकेच्या २०२३ मधील दुसऱ्या पर्वात नीरज घायवान यांनी बौद्ध पद्धतीचा विवाह दाखवला. वधू झाल्या राधिका आपटे. आमच्या घरोघरी लागणारी लग्ने अशा मोठ्या मालिकांत क्वचितच दिसतात. इथे दिसले, कारण कॅमेऱ्यामागे स्वतःची दलित ओळख उघडपणे सांगणारा दिग्दर्शक होता.

एमीसाठी रीतसर प्रवेशिका पाठवावी लागते. मग देशोदेशींचे परीक्षक फेरीफेरीने निवड करतात. म्हणजे अर्जाशिवाय तिथेही फाईल हलत नाही! सोलापुरातील आमची मुले भीमजयंतीची मिरवणूक मोबाईलवर हौसेने टिपतात. पालकहो, त्यांना पटकथा, संकलन, ध्वनिमुद्रणही शिकू द्या. 'हे काय पोटाला घालणार?' म्हणून अडवू नका. आमची गोष्ट आम्ही मांडलीच नाही, तर परीक्षक निवडणार तरी काय?