‘लाइफटाइम’ म्हणजे नक्की किती किलोमीटर?

गाडीच्या शोरूममध्ये जाऊन टायमिंग चेनबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं. "सर, बेल्ट नाहीये, चेन आहे. लाइफटाइम. काही बघायलाच लागत नाही." आमच्या धंद्यात क्लायंटने "सिस्टिम फास्ट पाहिजे" एवढंच लिहून पाठवलं तर आम्ही पहिलं विचारतो, फास्ट म्हणजे किती सेकंद? आकडा नसेल तर ती रिक्वायरमेंट नसते, नुसती इच्छा असते. लाइफटाइमचंही तेच. कोणाचं लाइफ? गाडीचं, इंजिनचं, की चेनचं स्वतःचं? शेवटचं असेल तर वाक्य अगदी बरोबर आहे, तुटेपर्यंत चेन टिकते :)

ज्यांना इंजिनच्या आतलं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिस्टन ज्या दांड्याला जोडलेले असतात तो क्रँकशाफ्ट आणि वॉल्व्ह उघडझाप करणारा कॅमशाफ्ट, हे दोघे एकमेकांच्या तालात फिरावे लागतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. हा ताल सांभाळते ती टायमिंग चेन. ती सैल पडू नये म्हणून एक टेन्शनर तिला ऑइलच्या दाबाने दाबून धरतो. चेन दोन-चार दात सरकली की वॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन वर येतो, दोघांची टक्कर होते, वॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणजे झिजला काही हजारांचा पार्ट, पण बिल मात्र अख्ख्या इंजिनचं.

जुन्या मारुती ८०० ला टायमिंग बेल्ट होता. बेल्टची लोकांना भीती वाटते, पण बेल्ट प्रामाणिक असतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की इतक्या किलोमीटरला बदला. तुम्ही बदलता, पैसे देता, विषय संपतो. चेनच्या बाबतीत आकडाच छापलेला नाही, त्यामुळे ती कधीही गेली तरी ‘लवकर गेली’ हे सिद्ध करणार कसं? माझं सगळं भांडण याच एका गोष्टीवर आहे.

आता कोणी म्हणेल, चेन लोखंडाची, ती थोडीच झिजते. झिजते हो. लोक म्हणतात चेन ‘ताणली’, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीच्या पिनेत आणि भोकात थोडी थोडी झीज होते. समजा दीडशे कड्या आहेत आणि प्रत्येकीत ०.०२ मिमी झीज झाली, तर चेन ३ मिमी लांब झाली. टेन्शनर ही वाढ काही काळ सांभाळून घेतो, मग त्याचीही हद्द संपते. झीज वाढवतं ते ऑइल, म्हणजे कमी असलेलं, जुनं झालेलं किंवा काजळीने भरलेलं ऑइल. डिझेलमध्ये काजळी पूर्वीपासून होतीच. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या टर्बो पेट्रोल इंजिनांमध्येही आता ती भरपूर होते.

हे मी एकटा नाही म्हणत. १ मे २०२० पासून एपीआय एसपी हा ऑइलचा नवा दर्जा लागू झाला. त्यात टायमिंग चेनच्या झिजेसाठी सिक्वेन्स एक्स नावाची एक वेगळीच चाचणी आहे. फोर्डचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन चालवून बघतात आणि चेनची लांबी ०.०८५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढली तर ऑइल नापास. म्हणजे ऑइल बनवणाऱ्यांना टक्क्याच्या हजाराव्या भागापर्यंत हिशोब द्यावा लागतो, आणि चेन विकणारा फक्त ‘लाइफटाइम’ म्हणून मोकळा! जी वस्तू लाइफटाइम आहे तिच्या झिजेची चाचणी लागतेच कशाला?

बरं, चेन गेल्यावर मोठ्या कंपन्या पैसे देतच नाहीत असंही नाही. भाग पाडलं की देतात. फोक्सवॅगन-ऑडीच्या २००८ ते २०१४ मॉडेल-वर्षांच्या ठराविक गाड्यांच्या चेन आणि टेन्शनरवरून अमेरिकेत न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात ग्राहकांनी एकत्र दावा केला. २०१८ मध्ये तडजोड झाली. या भागांची वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख मैल इतकी वाढवली गेली आणि आधी खिशातून खर्च केलेल्यांना भरपाईची सोय झाली. एक लाख मैल म्हणजे साधारण १,६०,००० किमी. बघा, आकडा निघाला की नाही? कोर्टासमोर लाइफटाइमचे किलोमीटर झाले, मॅन्युअलमध्ये होत नाहीत.

आता घरचं उदाहरण. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. बाबांची गाडी ६ वर्षांची, ७१,००० किमी झालेली. दर सर्व्हिसिंग त्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरला, सगळी बिलं फाइलमध्ये (बाबा सरकारी नोकरीत होते, फाइलशिवाय ते दूधसुद्धा घेत नाहीत). हिवाळ्यात सकाळी गाडी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखड आवाज यायचा. बाबांनी दोन सर्व्हिसिंगला सांगितलं. "काका, टॅपेटचा आवाज आहे. थंडीत येतोच." जॉबकार्डवर यातलं काहीच नाही. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी सेल्फ मारला, मोठा आवाज झाला आणि गाडी बंद. चेन सरकली, आठ वॉल्व्ह वाकले, एस्टिमेट १,१८,००० रुपये. आणि वर ऐकवलं काय, तर "काका, ऑइल वेळेवर बदललं नसेल तुम्ही." बाबांनी फाइल टेबलावर ठेवली. अॅडव्हायझरने ती उघडलीसुद्धा नाही. ‘गुडविल’ म्हणून पार्ट्सवर २० टक्के सूट देतो म्हणाला.

गुडविल हा शब्द मला फार लागला. चूक तुमची, पण आम्ही मोठ्या मनाचे, असा त्याचा अर्थ. चूक असेल तर पूर्ण पैसे द्या, नसेल तर सूट तरी का देता?

आणि माझ्यातल्या इंजिनियरला सगळ्यात जास्त चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. क्रँकवर सेन्सर असतो आणि कॅमवर दुसरा. दोघांच्या सिग्नलमध्ये किती अंशांचा फरक पडलाय हे इंजिनचा कॉम्प्युटर सतत बघत असतो, नाहीतर तो ठिणगी आणि इंधन वेळेवर देणार कसा? फरक मर्यादेपलीकडे गेला की पी००१६ हा कोड येतो, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांमध्ये स्कॅनर लावला की कॅमचा हा फरक थेट अंशांत वाचता येतो आणि मेकॅनिक त्यावरून चेनचा अंदाज बांधतात. म्हणजे माहिती गाडीत आहे, सर्व्हिस सेंटरला ती वाचता येते, फक्त ज्याने गाडीचे पैसे भरलेत त्याला ती दिसत नाही. आम्ही सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली की अलर्ट पाठवतो. १०० टक्क्यांना पाठवला तर दुसऱ्या दिवशी आमची नोकरी जाईल. इथे बऱ्याचदा इंजिन बसायची वेळ येते तेव्हा दिवा लागतो, आणि त्यालाच वॉर्निंग म्हणायचं.

तीच गोष्ट ऑइल बदलण्याच्या मुदतीची. युरोपात फोक्सवॅगनची लाँगलाइफ पद्धत ३०,००० किमी किंवा दोन वर्षांपर्यंत जाऊ देते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे १०,००० ते १५,००० आहे, ते बरंच म्हणायचं. पण मोजतो आपण किलोमीटर, आणि इंजिन जगतं तासांत. १०,००० किमी ताशी ६० च्या सरासरीने कापले तर १६७ तास होतात. तेच हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ताशी २० ने कापले तर ५०० तास. ऑइल तिप्पट राबलं, बिलावर मात्र दोघांचं सारखंच. कॉम्प्युटरला तासही मोजता येतात, पण आपल्याला दाखवणार कोण?

"वर्षानुवर्षं चेन टिकल्यात की" हा आक्षेप मला मान्य आहे. जुन्या मर्सिडीज डिझेलच्या दुपदरी चेन लाखो किलोमीटर गेल्या. पुढे वजन आणि घर्षण कमी करायला बऱ्याच इंजिनांत एकपदरी, बारीक चेन आल्या. त्याने मायलेज सुधारलं, ठीक आहे. पण आयुष्य कमी झालं असेल तर तेही लिहा ना.

कायद्याचं बघायला गेलो तर तिथेही गंमत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. वाचून आनंद झाला. मग कलम २(२२) वाचलं. त्या दायित्वासाठी ‘हानी’ म्हणजे काय याची व्याख्या तिथे आहे आणि खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान त्यातून वगळलंय. म्हणजे चेन तुटून गाडी कोणावर आदळली तर प्रश्न वेगळा, नुसतं इंजिन बसलं तर हे प्रकरण तुमच्या कामाचं नाही. उरतो तो सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी हा नेहमीचा मार्ग. त्यात दोष होता हे दाखवायचं तुम्ही, तेही चेन उघडून तज्ज्ञाच्या अहवालासकट.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की मॅन्युअलमध्ये आकडा छापा. १ लाख छापा, दोन लाख छापा, इंजिनच्या तासांत छापा, पण छापा. आणि दर सर्व्हिसिंगच्या बिलावर कॅमचा तो फरक अंशांत लिहून द्या, टायरची झीज लिहिता तशी. छापलेल्या आकड्याच्या आत चेन गेली तर गुडविलची भाषा नको.

तोवर ज्यांची गाडी चेनवाली आहे त्यांनी सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तक्रार जॉबकार्डवर तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. आणि इंजिन उघडलंच तर जुनी चेन, टेन्शनर, गाइड सगळं ताब्यात घ्या, ‘स्क्रॅपमध्ये गेलं’ ऐकून घेऊ नका. आमची चेन सध्या गॅलरीत एका बुटाच्या खोक्यात आहे. आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बाबांनी तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलीय.