एका डोळ्यावर किती विसंबायचे?

स्टेशनात उभ्या गाडीत बसलेले असताना शेजारची गाडी हलू लागली की आपलीच गाडी सुटली असे वाटते. मग आपण दुसऱ्या बाजूच्या फलाटावरचा खांब पाहून खात्री करून घेतो. हलतेय कोण, आपण की जग, हा प्रश्न हल्ली आपण कॅमेऱ्यांना घालतो आहोत आणि त्यांच्या उत्तरावर वाहने सोपवू लागलो आहोत. म्हणून या विषयात सामान्य वाचकानेही थोडे डोके घालावे, असे मला वाटते.

मूळ कल्पना सोपी आहे. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक घेतलेली स्थिरचित्रे. दगडाची कड, खिडकीचा कोपरा अशा ठसठशीत खुणा संगणक हेरतो आणि पुढच्या चित्रात त्या कुठे सरकल्या ते पाहतो. सगळ्याच खुणा डावीकडे गेल्या, तर कॅमेरा उजवीकडे वळला असणार. चहूकडे पांगल्या, तर तो पुढे निघाला असणार. लाँग्वेट-हिगिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये दाखवून दिले की, दोन चित्रांतले आठ सामाईक बिंदू हाती असले की ही हालचाल गणिताने काढता येते. लग्नाचे थरथरते चित्रीकरण स्थिर करण्यात आणि सिनेमात संगणकाने काढलेला प्राणी खऱ्या जमिनीवर नीट उभा करण्यात हाच हिशेब कामी येतो.

पण एक मेख आहे. एकट्या कॅमेऱ्याला दिशा कळते, माप कळत नाही. खेळण्यातल्या गावातून वीतभर सरकलो की खऱ्या गावातून फर्लांगभर, हे त्याला निव्वळ चित्रांवरून सांगता येत नाही. शिवाय खुणाच नसतील, तर तो पुरता आंधळा.

मंगळावरच्या ‘इंजेन्युइटी’ या पावणेदोन किलोंच्या हेलिकॉप्टरने हे दोन्ही बाजूंनी दाखवले. मे २०२१ मधल्या सहाव्या उड्डाणात कॅमेऱ्याचे एक चित्र, अवघे एक, वाटेत हरवले. त्यामुळे पुढच्या प्रत्येक चित्रावर चुकीची वेळ पडली आणि यंत्र पुढेमागे झोके खाऊ लागले. तरीही ते सुखरूप उतरले. कारण उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याचे ऐकायचेच नाही, अशी तजवीज अभियंत्यांनी आधीच केली होती. जानेवारी २०२४ मधले बहात्तरावे उड्डाण मात्र शेवटचे ठरले. खाली गुळगुळीत वाळू होती. कॅमेऱ्याला पुरेशा खुणा सापडल्या नाहीत, वेगाचा अंदाज चुकला आणि आदळून पाती मोडली, असा बहुधा घडलेला प्रकार तपासात पुढे आला.

आपल्या ‘चांद्रयान-३’ने २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर पाय टेकले, तेव्हा त्याच्याकडे आडवा वेग मोजणारा कॅमेरा होता, पण वेग आणि उंची मोजणारी लेसरची साधनेही होती. एकाची साक्ष दुसऱ्याने तपासायची, हा शहाणपणा त्यात होता.

मंगळावर पाती मोडली, माणूस दगावला नाही. आपल्या रस्त्यांवर तसे नाही. पावसाळ्यात घाटात उतरलेले धुके, पांढरे पट्टे न मारलेला नवा डांबरी रस्ता, आणि आषाढीच्या वाटेवर तर सगळे जगच हलते आहे! अशा वेळी केवळ कॅमेरा स्वस्त म्हणून त्या एका डोळ्यावर भिस्त ठेवून गाडी विकणे मला मान्य नाही. दुसरी साधने घातली की किंमत वाढते, हे खरे. पण बचत कुणाची आणि जोखीम कुणाची, हे विचारायला नको का?

तंत्राला माझा विरोध नाही; ते बुद्धिमान आहे आणि उपयोगीही. पण वाहनाला सोबत दुसरा साक्षीदार हवा आणि ‘मला आता दिसत नाही’ असे वेळेवर सांगण्याची सोय हवी. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, रंग विचारतो. यापुढे हेही विचारावे: कॅमेऱ्याला दिसेनासे झाले, तर ही गाडी काय करते?